ओल्या पोत्यावरच्या दोन नळ्या

१४ ऑक्टोबर

लेलंड,

कोणी मेलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दोन वर्षांनी पाकिटावर बहिणीचं अक्षर दिसलं की माणूस पहिल्यांदा काळे कपडे शोधतो. ठेव ते परत कपाटात. लिडमिलाआत्यासुद्धा ठणठणीत आहे आणि तुझ्याबद्दल अजून बोलते. काय बोलते ते विचारू नकोस.

काम आहे म्हणून लिहितेय. फोन केला असता, पण तू उचलला नसतास. उचलला असतास तर मी दुसऱ्याच वाक्याला जमिनीच्या विषयावर आले असते. कागदावर मी जरा बरी वागते.

तुझा तो दातवाला. डॉक्टर स्टोव्हॉल. ज्याला तू बाबांच्या जमिनीतला तुझा अर्धा वाटा विकलास आणि ज्याने तिथे आठ फुटी कुंपण घालून आफ्रिकेतली शिंगवाली जनावरं सोडलीत, तो. अजून जातोस ना त्याच्याबरोबर शिकारीला? मग त्याला एक विचार. अगदी सहज, दाढ दाखवता दाखवता. त्याच्या बंदुकीच्या सायलेन्सरवर कोरलेला नंबर त्याने कधी वाचलाय का?

मी माझा काल वाचला.

डुकरांनी यंदा गवताचं रान नांगरल्यासारखं उकरलंय. बंदूक रोज चालवावी लागते आणि माझ्या उजव्या कानात कायमचा रातकिडा बसलाय, म्हणून तो सायलेन्सर घेतला होता. काल पुसायला काढला. चष्मा डोळ्यांवर होता, हीच चूक. नळीवरचा नंबर एक, माझ्या परवानगीच्या कागदावरचा दुसरा. पेटीवरचं लेबल बरोबर आहे. पेटी माझी, कागद माझा, आतली नळी परक्याची.

आपल्या राज्यात बंदूक घ्यायला कॉफी उकळेपर्यंतचा वेळ लागतो, हे तुला सांगायला नको. पण त्या बंदुकीचा आवाज कमी करणारी नळी घ्यायची तर बोटांचे ठसे, फोटो, केंद्र सरकारचा शिक्का आणि दहा महिने वाट. आणि जी नळी तुझ्या नावावर नाही ती तुझ्या घरात सापडली, तर दहा वर्षं आत. ठो म्हटलं तर स्वातंत्र्य, ठुस्स म्हटलं तर तुरुंग. बाबा म्हणायचे, सरकारला आवाज आवडतो. तेव्हा मी हसायचे.

नळ्या बदलल्या कुठे, हे मला ठाऊक आहे. तुलाही आठवेल. एर्विन मातुलाच्या बंदुकांच्या दुकानात, शनिवारी. पैसे भरलेल्या पण परवानगी न आलेल्या नळ्या तो तिजोरीत कोंडून ठेवतो आणि शनिवारी भेटीचा वार असतो. कैदेतल्या नवऱ्याला भेटायला जावं तसे आम्ही जायचो, दुकानामागच्या मातीच्या बांधावर चार गोळ्या झाडायचो, आणि एर्विन नळीला पुन्हा कोठडीत घालायचा. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी मी होते आणि तुझा डॉक्टर होता. दोघांच्या नळ्या एकाच कंपनीच्या, सख्ख्या जुळ्या. तापल्यावर हात लावता येईना म्हणून एर्विनने दोन्ही ओल्या पोत्यावर टाकल्या. वाफ निघाली, सगळे हसले, कोणीतरी सॉसेज वाटलं, आणि एर्विनने गप्पा मारत मारत, नंबर न वाचता दोन्ही पेट्या भरल्या.

तू पिकअपला टेकून उभा होतास. माझ्याकडे बघत नव्हतास. अगदी मन लावून न बघणं चाललं होतं तुझं.

म्हणून म्हणते, त्याला नंबर वाचायला सांग. फक्त वाचायला. मला भीती वाटतेय, लेलंड. हे वाक्य मी तुला शेवटचं कधी म्हटलं होतं ते आठवत नाही.

ट्वायला

२२ ऑक्टोबर

लेलंड,

उत्तर नाही. ठीक. टपाल खात्यावर विश्वास ठेवून पुढचं लिहिते.

एर्विनकडे जाऊन आले. नळी बरोबर नेली नाही. रस्त्यात शेरीफच्या हाताखालच्या पोराने गाडी थांबवली असती तर? "मागचा दिवा बंद आहे, ट्वायलाबाई, आणि सीटवर ही काय वस्तू?" तेव्हा मोकळ्या हाताने गेले. दुकानात तो एकटाच होता. बाबांचा पत्त्यांचा जोडीदार, माझ्या बाप्तिस्म्याला हजर असलेला माणूस. वाटलं, दोन मिनिटांत मिटेल.

"एर्विन, माझ्या पेटीत दुसऱ्याची नळी आहे."

"हळू बोल, पोरी."

"दुकानात माणूस नाही. कोणाला जाग येईल?"

त्याने कागद बघितला, मी लिहून नेलेला नंबर बघितला. चेहरा असा उतरला की मला स्टूल पुढे करावंसं वाटलं. मग म्हणाला, "तू घरी नेल्यावर काय झालं ते मला काय माहीत?"

"घरी काय होणार? रात्रीतून कात टाकून दुसरा नंबर उगवला?"

"मी प्रत्येक पेटी तपासून देतो."

"मग हा कोणाचा नंबर आहे ते तपासून सांगा."

त्याने वही काढली, बोट फिरवलं, आणि बोट थांबलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "डॉक्टरचा." लगेच वही मिटली. पण शब्द काही वहीत परत जात नाहीत.

मी म्हटलं, "झालं तर. चूक झाली, हातून होते. सरकारी कार्यालयाला कळवा, दोघांच्या नळ्या परत मागवा, आणि हे असं घडलं म्हणून मला चार ओळी लिहून द्या."

"लिहून?" जणू मी त्याची किडनी मागितली. "नाताळानंतर तपासणी आहे माझी. मागच्या खेपेला ताकीद मिळालीय. एकाच दिवशी दोन नळ्या चुकीच्या हातात दिल्या असं मी स्वतःच्या अक्षरात लिहू? परवाना जाईल. बापाच्या वेळचं दुकान आहे हे."

"आणि मी आत गेले तर?"

"कोणी जात नाही आत. ऐक. तुझी हद्द आणि डॉक्टरची हद्द एकच. कुंपणाच्या जाळीतून तू त्याची त्याला दे, तो तुझी तुला देईल. देवाला ठाऊक आणि डुकरांना."

"परवानगीशिवाय नळी हातात देणं हाच तर गुन्हा आहे! एका गुन्ह्यावर दुसरा चढवला की बाकी शून्य उरते, हे गणित कुठल्या शाळेतलं?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. अजूनही होतो. पण जाळीपलीकडे डॉक्टर असेल, त्याच्या त्या कुंपणावरच्या कॅमेऱ्यांसकट.

मी नाही म्हटलं. मग एर्विन जे बोलला ते बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, काउंटरवरची काच पुसत होता. "तू त्या कुंपणाला चिकटून राहतेस, ट्वायला. डॉक्टरला तू काय काय बोलतेस ते सगळ्या गावाला पाठ आहे. उद्या कोणी विचारलं की या नळ्या बदलल्या कोणी, तर लोकांना काय वाटेल याचा विचार कर."

बाहेर येऊन गाडीत बसले तेव्हा किल्ली भोकात जाईना. मी, जिने साप फावड्याने मारलेत.

तू काहीतरी कळव. शिव्या कळवल्यास तरी चालेल.

ट्वायला

४ नोव्हेंबर

लेलंड,

पत्र पोहोचलं म्हणायचं. तुला पोहोचलं, तुझ्याकडून डॉक्टरला पोहोचलं, आणि डॉक्टरकडून त्याच्या ह्यूस्टनच्या वकिलाला. मी तुला सहज विचारायला सांगितलं होतं. तू माझं पत्रच त्याच्या हातात ठेवलंस का? की वाचून दाखवलंस, बार्बेक्यूपाशी उभं राहून, माझा आवाज काढून?

वकिलाचा कागद जाड आहे आणि त्याचं म्हणणं असं: डॉक्टरांनी आपली नळी खुद्द एर्विनच्या हातून घेतली, नंबर ताडून पाहिला, तो बरोबर होता. त्यानंतर केव्हातरी ती गायब होऊन तिच्या जागी माझ्या नावाची नळी आली. शेजारच्या बाईंचं वैर सर्वश्रुत आहे. डॉक्टरांनी स्वतःहून सरकारी कार्यालयाला कळवलं आहे. थोडक्यात, मी त्रेपन्न वर्षांची, गुडघ्यात गज घातलेली बाई, आठ फुटी कुंपण चढून गेले आणि चोरी केली, आणि चोरीच्या मालाच्या बदल्यात स्वतःच्याच नावावर नोंदलेली वस्तू ठेवून आले. एवढी सभ्य चोर या जिल्ह्यात दुसरी नसेल.

हसू येतं ना? मलाही यायचं. आता येत नाही. आधी बोलतो तो फिर्यादी आणि मागून बोलतो तो आरोपी, एवढाच कायदा मला आता कळतो. मी आधी तुझ्याशी बोलले. तिथेच चुकलं.

मीही वकील केला, जिल्ह्याच्या गावातला, बाबांचं मृत्युपत्र केलं होतं तोच. तो म्हणाला, नळी हलवू नका आणि तोंड उघडू नका. नळी त्याआधीच तीनदा हलवून झाली होती. आधी कपाटात, मग फ्रीजरमध्ये हरणाच्या सॉसेजखाली, मग आईच्या पिठाच्या पिंपात. आता कोलाचीचे गोड पाव करायला पीठ काढायचं तर हात आत जात नाही. वस्तू एवढीशी, आणि सगळं घर तिच्या बाजूने झुकल्यासारखं वाटतं. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की मी खिडकीपासून बाजूला होते. माझ्याच खिडकीपासून! शुक्रवारी मी चालवते त्या शाळेच्या बसमधून मुलं उतरवताना मागे एक पांढरी गाडी थांबली होती, कायद्याप्रमाणे थांबायलाच हवी तशी. मी दार मिटायलाच विसरले. शेवटी एक चिमुरडी परत वर आली आणि म्हणाली, "मिस ट्वायला, तुम्हाला बरं नाही का?"

गुन्हा सिद्ध झालेल्या बाईला बस देत नाहीत, लेलंड. घर, डुकरं, आत्याची औषधं, हे सगळं कोणी बघायचं ते मी अजून मनात आणलेलं नाही. आणते, आणि लगेच भांडी घासायला घेते.

तोंड उघडू नका, असं वकिलाने मला सांगितलं. बदकाला पाण्यात जाऊ नको म्हणावं तसं. या पत्रांचं त्याला अजून सांगितलेलं नाही.

ट्वायला

११ नोव्हेंबर

लेलंड,

ते आले. पांढऱ्या नाही, राखाडी गाडीतून. इतके दिवस मी चुकीच्या रंगाला भीत होते.

केंद्र सरकारच्या कार्यालयातली एक बाई आणि एक तरुण. दोघंही इतके नम्र की मी त्यांना दोनदा कॉफी विचारली. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं. वकील बाजूला बसला होता. मी नळी दाखवली. त्यांनी हातमोजे घालून ती पिठातून काढली आणि पिशवीत घातली. बाई म्हणाल्या, "पिठात का ठेवलीत?" मी म्हटलं, "मीठ संपलं होतं." वकिलाने माझ्या पायावर पाय दिला.

मग प्रश्न. शनिवारच्या भेटी, पोतं, पेट्या. मी सगळं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि मान हलवली. "मातुला म्हणतात की असं पोतं-बितं काही नव्हतं. परवानग्या आल्या त्या दिवशी दोघांच्या पेट्या त्यांनी दोघांच्या हातात, नंबर वाचून दिल्या. डॉक्टरही तेच म्हणतात."

"डॉक्टरच्या हातात?" माझ्या तोंडून निघालं.

"का? तुम्ही तिथे होतात?"

"माझी पेटी त्याच दिवशी घेतली."

"मग डॉक्टरांची पेटी कोणी नेली ते तुम्ही पाहिलंत?"

लेलंड, आता ते लिहिते जे मी एवढ्या पत्रांत लिहिलं नाही. लिहिलं नाही कारण मला वाटत होतं, तू स्वतःच लिहिशील. मी काउंटरपाशी सही करत होते. तू आत आलास. एर्विन म्हणाला, "डॉक्टर नाही आले?" तू म्हणालास, "त्यांना दोन दाढा काढायच्यात, मी आलोय." आणि एर्विनने पेटी तुझ्या हातात दिली. उघडली नाही, नंबर वाचला नाही. कारण तू बाबांचा, त्याच्या व्हेन्सेलचा मुलगा, तुला तो डायपरपासून ओळखतो. आपल्याकडे ओळख म्हणजेच कागद. तू पेटी काखेत मारलीस, माझ्या बाजूने गेलास आणि म्हणालास, "रस्ता दे." दोन वर्षांत तू माझ्याशी बोललेले ते दोनच शब्द.

म्हणजे डॉक्टरने नंबर ताडून पाहिला हे खोटं. एर्विनने त्याच्या हातात दिली हे खोटं. ते दोघं एकमेकांना धरून आहेत, उंदराला मांजर साक्ष. हे खोटं पाडू शकणारा एकच माणूस आहे, आणि त्याने ते पाडलं की तो स्वतः अडकतो. कारण दुसऱ्याच्या नावाची नळी दुकानातून काखेत मारून नेणं हाही तोच गुन्हा, तीच दहा वर्षं. एर्विन खोटं का बोलतोय ते कळलं ना? त्याला परवान्याची भीती आहेच. पण त्याने कोणालातरी वाचवल्यासारखंही होतंय. तुला.

मी बाईंना काय सांगितलं? "आठवत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी आठवलं नाही. बाईंना ते पटलं नाही, वकिलाला त्याहून नाही. ते गेल्यावर त्याला सगळं सांगितलं, या पत्रांसकट. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाला, "आठवत नाही, हे तुम्ही गुरुवारी पुन्हा म्हणालात तर ते खोटं ठरेल, आणि मग चोरीचा आरोप तुम्हालाच चिकटेल."

गुरुवारी सकाळी दहा वाजता जिल्ह्याच्या गावात, कोर्टाच्या मागच्या इमारतीत, माझा जबाब आहे. वकिलाने त्यांच्याकडून एवढं कळून घेतलंय की जो स्वतःहून, बोलावण्याआधी येऊन खरं सांगतो, त्याच्याकडे ते वेगळ्या नजरेने बघतात. किती वेगळ्या, ते लिहून देत नाहीत. एर्विनसारखेच आहेत त्या बाबतीत.

मी गुरुवारी खरं सांगणार आहे. तुझं नाव घेणार आहे. रोज उठून ठरवते की नाही घेणार, आणि भांडी घासून होईपर्यंत पुन्हा घेणार असं ठरतं. तू जमीन विकलीस म्हणून नाही. तसं असतं तर मी ते आजच आनंदाने घेतलं असतं आणि वर चार विशेषणं लावली असती. मला तुरुंगाची भीती वाटते, एवढंच. मी तेवढी शूर नाही जेवढी मी बोलते.

आधी बोलतो त्याचं ऐकतात. म्हणून ही तीन दिवसांची सवड तुला देतेय. वकील कर आणि माझ्याआधी जा. हे पत्र टपालाने नाही, लिडमिलाआत्याच्या नातवाच्या गाडीतून पाठवतेय. तुझ्या हातात दिल्याशिवाय तो परत येणार नाही, आत्याने त्याला जेवण बंद करायची धमकी दिलीय.

ट्वायला

१४ नोव्हेंबर

लेलंड,

आपण एकाच बाकावर बसलोय आणि मी तुला पत्र लिहितेय.

दोन्ही वकिलांनी सांगितलंय, एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. लिहायचं नाही असं कोणी म्हणालं नाही. म्हणजे माझ्या वकिलाला ते सुचायच्या आत लिहून होईल. देणार नाही आता. नंतर देईन, कधी देता येईल तेव्हा.

मी पावणेदहाला आले. बाकावर तुझी टोपी होती आणि दाराच्या काचेआड तुझी पाठ. बाबांसारखी वाकलेली, डावा खांदा खाली. मला आधी वाटलं, डॉक्टरच्या बाजूने आलास. मी भिंतीला धरून उभी राहिले. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. माझा रातकिडा तेवढा ऐकू येत होता.

मग दार उघडलं. राखाडी गाडीतल्या बाई तुझ्यामागे होत्या. तू बाहेर आलास, माझ्यासमोर उभा राहिलास. तुझा वकील म्हणाला, "बोलू नका," आणि तू बोललासच. आपल्या घराण्यात कोणाला ऐकायची सवय आहे? म्हणालास, "पेटी मी नेली. सांगितलंय. पोतंही सांगितलं. तू आता ते 'आठवत नाही' बंद कर."

वकिलाने तुला खांद्याला धरून बाकावर बसवलं, माझ्यापासून दोन हात लांब, शाळेत मारामारी केलेल्या पोरांसारखं.

बाई आत जाता जाता तुझ्या वकिलाला म्हणाल्या, "थांबा, यांच्याबद्दलचं अजून वरिष्ठांना विचारायचं आहे." यांच्याबद्दलचं. म्हणजे तुझ्याबद्दलचं. इतके दिवस मी स्वतःसाठी घाबरत होते. ते सोपं होतं, त्यात विनोद करता येत होते. आता तू पाण्याच्या नळापाशी गेलायस, पेला भरून वाहतोय, आणि पाणी तुझ्या बुटांवर सांडतंय. मला उठून पेला धरता येत नाही. उठले तर दोघं वकील ओरडतील.

माझं नाव पुकारलं. आत जाऊन तेच सांगायचंय जे तू सांगितलंस. माझ्या प्रत्येक खऱ्या वाक्याने मी सुटत जाणार आणि तू पक्का अडकत जाणार.

लेलंड, मी उठतेय. माझा मफलर बाकावर ठेवतेय. बूट पुसून घे.